गुडघ्याबद्दल विचारायचं नाही

सकाळीच माळशिरसहून रेश्माच्या आईचा, दगडाबाईचा फोन. "दिपक, रेश्माचा गुडघा लई सुजलाय रं. लीगवाल्यांनी पोरींचे मोबाईल काढून घेतलेत. हाटेलातल्या वाढप्याच्या फोनवरनं बोलली बिचारी. सुई टोचून उद्या फायनल खेळवणार हायत म्हणं. तू पेपरात हायस न्हवं? विचार की त्यास्नी."

दिपक नवी पेठेतल्या एका छोट्या पेपरात खेळाचं पान सांभाळायचा. रेश्मा नि तो एकाच मैदानावर खो-खो शिकलेले. "विचारतो मावशी," म्हणाला खरा. पण संध्याकाळी हॉटेलवर पत्रकार परिषदेला गेला, तर दारातच लीगचा मीडिया मॅनेजर पृथ्वीराज पास वाटत उभा.

"दुखापतीवर एकही प्रश्न नको. विचारलात तर पास जमा. पुढच्या सीझनलाही दार बंद."

पास गेला म्हणजे पान गेलं. संपादकानं आधीच ऐकवलेलं, तुला आत घेत नसतील तर तुझं काय लोणचं घालू?

रेश्मा आली. लंगडत नव्हती, पण लंगडू नये म्हणून जपून चालत होती. दिपकला तेवढं कळलं. खुर्चीत बसली तीही उजवा पाय लांब सोडून.

"तयारी कशी आहे?" कुणीतरी विचारलं.

"शंभर टक्के फिट." नजर टेबलावर.

प्रश्न दिपकच्या ओठापर्यंत आला. गिळला. पुन्हा आला, पुन्हा गिळला. पृथ्वीराज त्याच्याकडंच बघत होता.

"चला, फोटो घ्या नि आवरा."

तेव्हा दिपक उठला. "सर, नुसता उभा फोटो कोण छापणार? खो घ्यायला बसतात तसं बसू द्या की एकदा."

"अरे वा. रेश्मा, बस जरा." पृथ्वीराज खूश. गडी जन्मात कधी खो-खो खेळला नव्हता.

रेश्मानं दिपककडं बघितलं. बराच वेळ बघितलं. नको म्हणायचं असतं तर म्हणाली असती. मग हात जमिनीला टेकून हळूहळू खाली बसली.

"खो," तो म्हणाला.

खो मिळाला की खेळाडू उठतो. झोपेत मिळाला तरी उठतो. रेश्माचा डावा पाय उठला, उजवा तिथंच राहिला. ती तोंडावर पडता पडता हातांवर सावरली. कॅमेरे खटाखट वाजायला लागले.

"उठ, उठ," पृथ्वीराज दात आवळून म्हणत होता.

दिपकनं आपला कॅमेरा खाली ठेवला नि खांदा पुढं केला. तिनं धरला, नखं रुतेपर्यंत धरला.

"इतके दिवस कुटं मेला हुतास?" ती कानाशी पुटपुटली.

"पास," पृथ्वीराजनं हात पुढं केला. दिपकनं गळ्यातनं काढून दिला. बाहेर आला, तोच पुन्हा फोन.

"विचारलंस का रं?"

"न्हाय मावशी. पर आता समद्यांनी बघितलंय. कोण खेळवतंय तिला?"

आत सगळे पत्रकार एकाच वेळी गुडघ्याबद्दल विचारत होते. पृथ्वीराज तरी कुणाकुणाचे पास काढून घेणार.