चुकून कापलेला शेंडा

डोळ्यांच्या ऑपरेशनला जायच्या आदल्या दिवशी मोठी लहानीला मागच्या अंगणात घेऊन गेली. दोघी जावा. वीस वर्षं एका ओट्यापाशी वावरलेल्या. मोठी घरीच शिवणकाम करायची, लहानी सकाळपाळीला लाँड्रीत जायची. टोमॅटोची झाडं मात्र मोठीची एकटीची. तिथं कुणी बोट लावायचं नाही.

"हे बघ, खोड आणि पान यांच्या बेचक्यात ही फूट येते ना, ती खुडायची. लहान असतानाच. आणि झाड वाढेल तसं काठीला बांधत जायचं. गळा आवळू नकोस त्याचा. चिंधी सैल ठेव, मधे एक पीळ दे."

"आणि नाही खुडली तर?"

"तर पाल्याचं रान माजेल, दुसरं काय!"

"पंधरा दिवसांचा तर प्रश्न आहे, जाऊबाई. तुम्ही निर्धास्त जा."

लहानी दुपारी दोनला घरी यायची. घर रिकामं. कानात अजून लाँड्रीतल्या यंत्रांची घरघर. ती तशीच झाडांत जाऊन बसायची. पानांतून गाळून येणारं ऊन हिरवं व्हायचं, आणि आपण एखाद्या तळ्याच्या तळाशी बसलोय असं तिला वाटायचं. बोटांना पाल्याचा उग्र वास लागायचा. हात धुताना साबणाचा फेससुद्धा पोपटी. एक फूट खुडावी, डोळा लागावा, आणि जाग येईतो शेजारी दुसरी डोकावतेय. आपण हिला खुडलं होतं की नुसतं मनात आणलं होतं, तेही कळेनासं व्हायचं.

नवव्या दुपारी अशाच गुंगीत तिनं कात्री चालवली. हातात आलं ते बघून ती खाडकन जागी झाली. सगळ्यांत उंच झाडाचा शेंडाच! पिवळ्या कळ्यांसकट. तिनं तो चिंधीनं जागच्या जागी बांधूनही पाहिला. संध्याकाळपर्यंत त्यानं मान टाकली.

"झाडं कशी आहेत?" मोठीनं फोनवर विचारलं.

"मजेत," लहानी म्हणाली.

मोठी काळा चष्मा लावून परतली. वाकायची बंदी होती, म्हणून उभ्या उभ्या एकेक झाड चाचपत गेली. उंच झाडाच्या टोकाशी तिची बोटं थबकली.

"हे काय गं?"

"माझ्याच हातून कापला गेला. सांगायचा धीर झाला नाही."

मोठीची बोटं खोडावरून खाली सरकली आणि बेचक्यातल्या बोटभर कोंबावर थांबली.

"ही फूट कशी राहिली?"

"त्या दिवसापासून या झाडाजवळ फिरकलेच नाही मी."

"मग भित्रेपणा कामी आला म्हणायचा," मोठी हसली. "आता हाच शेंडा. आठवडाभर वाढू दे, मग बांध. माझ्या पहिल्या वर्षी मी चार उडवले होते. कीड लागली म्हणून सांगितलं सगळ्यांना!"

आठवड्यानं लहानीनं तो कोंब बांधला, सैल, मधे एक पीळ देऊन. पुढे मोठीची नजर साफ झाली, तरी खुडायचं काम लहानीकडेच राहिलं. दुपारी मोठी मशीन थांबवून शेजारी खुर्ची टाकायची. लहानीचा डोळा लागला, तर मोठी हलकेच तिच्या हातातली कात्री काढून घ्यायची.