श्वासाची पिशवी

मथुराबाईनं नळीचं रबरी तोंड दातांत धरलं आणि सुनेकडे पाहून डोळे मोठे केले. हसायचं होतं तिला, पण हसता येईना. लीलाबाईंनी तिच्या नाकावर चिमटा लावला, तशी दारातून पाहणारी शेजारची धुरपताबाई तोंडाला पदर लावून हसली.

"आता खरी बैलावानी दिसते," ती म्हणाली. "वेसण तेवढी राह्यली."

लीलाबाई नागपूरहून आल्या होत्या. कोणत्या कामात माणसाच्या अंगातलं किती अन्न जळतं, याचा त्यांच्या कॉलेजात शोध चालला होता. कापूस वेचणाऱ्या बायका, गाठी उचलणारे हमाल, तालमीतले पैलवान, साऱ्यांचे श्वास त्यांनी असेच पिशवीत भरून मोजले होते. मेहनत मोठी तितका श्वास जास्त लागतो, म्हणून मापायचा तो श्वास, असं त्यांनी काल सगळ्यांना समजावलं. त्यावर अंगानं भरलेल्या धुरपताबाईनं, दळल्यानं चरबी उतरते का तेही एकदा पाहा, अशी गळ घातली. उतरते, लीलाबाई म्हणाल्या होत्या, पण दुसऱ्याच्या जात्याकडे पाहून उतरत नाही.

मथुराबाई मात्र आपणहून पुढं झाली होती. तिला ते माप हवं होतं. महागावला पिठाची चक्की झाल्यापासून धुरपताबाईचं दळण तिकडंच जायचं, आणि लेक बळीरामनं एकच धोशा लावला होता, की दळण चक्कीवर नेऊ, जातं अंगणात ठेवू. हिवाळ्यात तिला मोठा ताप येऊन गेला, तेव्हापासून तर त्यानं हट्टच धरला. ती म्हणायची, माझ्या हातात बळ आहे तोवर या घरात जात्याचंच पीठ. आणि बळ होतंच की. तापातून उठल्यावर तर जातं आधीपेक्षा हलकं फिरायचं. ते जातं नसलं तर पहाटे आपण कशासाठी उठायचं, हे मात्र ती कोणाला बोलली नव्हती.

गळा तिचा गावात नावाजलेला. दीक्षा घेऊन आल्यावर जुन्या ओव्यांतले देव तिनं एकेक करून उतरवले, पण ओवी बंद पडू दिली नाही. नव्या नावानं नव्या जोडल्या.

पीठ पडे भराभरा, जणू चांदणं सांडलं
भीमरायाच्या नावानं घर नव्यानं मांडलं

समोर बसणारी सून, कांता, लग्न होऊन आली तेव्हा मागून दुसरी ओळ धरायची. आताशा तीही तिनं सोडली होती. तुह्या मायनं तुहा गळा माहेरीच ठेवून घेतला का वं, असं मथुराबाई तिला टोचायची. कांता खाली पाहून हसायची आणि खुंटा ओढत राहायची.

"करा सुरू," लीलाबाई म्हणाल्या.

जातं फिरू लागलं. दोघी समोरासमोर, एका खुंट्यावर दोन हात. मथुराबाईच्या तोंडात नळी, त्यामुळं ओवी घशातच राहिली. बाजूला टांगलेली पिशवी हळूहळू फुगत होती. इतक्या वर्षांत तिनं जात्याची नुसती घरघर कधी ऐकलीच नव्हती. ती आज ऐकू आली, आणि त्या घरघरीच्या खाली आणखी एक आवाज होता. आधी तिला वाटलं, पिशवीतूनच येतो. मग तिनं नीट कान दिला. आवाज समोरून येत होता. कांताचा श्वास. दर फेऱ्याला तुटायचा, पुन्हा भरायचा.

तिनं वर पाहिलं. सुनेच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. ओठ घट्ट मिटलेले. मनगटाची शीर तटतटून वर आलेली.

मथुराबाईनं खुंट्यावरची बोटं हळूच सैल केली. जातं तसंच फिरत राहिलं. मग तिनं हात नुसता टेकवून ठेवला, पानावर पान टेकावं तसा. जातं तरीही तसंच फिरत राहिलं.

लीलाबाईंनी नळीची चावी बंद केली. चिमटा काढला, पिशवीतली हवा मोजायच्या यंत्रातून सोडली आणि काट्याकडे पाहत राहिल्या. बळीराम दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. त्याच्याकडे एकदा पाहून त्या म्हणाल्या,

"पिशवी गळते वाटतं. दळणाऱ्या माणसाला एवढा कमी श्वास पुरत नाही. हा तर नुसत्या बसलेल्या माणसाचा आहे."

"नळी सुटलती मधी," कांता चटकन बोलली. तिला अजून धाप होती. "आत्याबाईच्या तोंडातून. मी पाह्यलं ना."

नळी सुटली नव्हती. दात आवळून मथुराबाईचे जबडे अजून ठणकत होते. तिनं सुनेकडे पाहिलं. सून जात्याभोवतीचं पीठ गोळा करत होती. गोळा झालेलंच पुन्हा गोळा करत होती.

लीलाबाईंनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग नळी गुंडाळता गुंडाळता, उद्या पुन्हा मोजू, एवढंच म्हणाल्या.

"नको बाई," मथुराबाई म्हणाली. "पिशवी चांगली हाये तुमची."

सांजेला बळीराम वावरातून आला, तेव्हा आईनं त्याला ज्वारीचं पोतं चक्कीवर न्यायला सांगितलं.  त्याची इतक्या दिवसांची जुळवून ठेवलेली सारी बोलणी तशीच राहून गेली. बाईच्या मापानं काही सांगितलं का, असं त्यानं भीत भीत विचारलं.

"मापानं कायले सांगावं?" ती म्हणाली. "चक्की काय धुरपतेच्या एकटीचीच हाये का?"

मात्र पोत्याचं तोंड बांधायच्या आधी तिनं थोडी ज्वारी सुपात काढून ठेवली.

पहाटे कांता उठून आली, तर सासू जात्यापाशी बसलेली. सुपात मूठ दोन मुठी ज्वारी. कांतानं सवयीनं समोर बसून खुंटा धरला. मथुराबाईनं तिची बोटं एकेक करून सैल केली.

"आज तू म्हण."

"मले कुठं येते, आत्याबाई."

"येते. फक्त श्वास पाहिजे."

 जातं हललं, अडलं, पुन्हा हललं. मग कांताचा आवाज आला, आधी चाचरत, मग मोकळा:

एक खुंटा, दोन हात, कोण ओढे कोणा ठावं
पिठावर, माय माझे, नाही लिहलं कोणाचं नाव

आता मागून ओळ धरायची पाळी मथुराबाईची होती. तिनं तोंड उघडलं, पण श्वास पुरेना. मग तिनं नुसताच खुंटा ओढला. जातं फार जड होतं, आणि समोरचा आवाज थांबू नये म्हणून ती ते फिरवत राहिली.