चालायचं ताईने

'भुयारकोट' या नेमबाजीच्या खेळाचा सातवा भाग बाजारात आला आणि तोंडावर आपटला. आता हे झालंच नाही असं धरून पुढे जायचं, कारण खुद्द कंपनीनेही तसंच ठरवलं आहे. कंपनीच्या दर्शनी खोलीत सगळ्या भागांची चित्रं ओळीने टांगलेली आहेत. सहाव्याच्या पुढे भिंतीत नुसता एक खिळा आहे. त्याबद्दल विचारलं की टेबलामागची बाई सांगते, "तिथे घड्याळ लावायचंय."

तर, सातवा भाग अजून आलेला नाही. यायला पाच आठवडे आहेत आणि तळमजल्यावरच्या तपासणी विभागात खुसपट भिंतीला खांदा लावून उभा आहे.

आईवडिलांनी त्याचं नाव वेगळं आणि चांगलं ठेवलं होतं, पण विभागात त्याला खुसपटच म्हणत, कारण खुसपटं काढण्याचाच त्याला पगार होता. खेळातल्या वीराला घेऊन भुयारातल्या एकेका भिंतीला खांदा घासत जायचं आणि वीर भिंतीतून पलीकडे पडला की तक्रार नोंदवायची. दोन वर्षं हेच. त्यामुळे तो कुणाच्या घरी गेला तरी आधी कोपरे बघायचा आणि घरातल्या बाईला वाटायचं, हा जळमटं मोजतोय.

तक्रारीचा तक्ता ठरलेला होता. काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. उत्तरंही ठरलेली: 'दुरुस्त केलं', 'हे मुद्दामच तसं केलंय' आणि 'पुन्हा घडलं नाही'. मागच्या महिन्यात वीराचं डोकं मागे आणि तोंड पुढे असं झालं होतं, म्हणजे बरोबरच होतं, तरी एकाने तक्रार नोंदवली आणि तिच्यावर 'दुरुस्त केलं' असं उत्तर आलं. तेव्हापासून वीर पाठमोरा रडतो.

खुसपटला एरवी याचं काही वाटलं नसतं. पण त्याला एक ताई होती.

लहानपणी घरात संगणक एक, खुर्ची एक आणि 'भुयारकोट' खेळायचा दोघांना. ताई चार वर्षांनी मोठी, म्हणून खुर्चीचा पाऊण भाग तिचा. रोजच्या मारामाऱ्यांना कंटाळून आईने पडद्याकडे न बघताच निवाडा दिला: चालायचं ताईने, गोळी धाकट्याने. बाणांच्या चार कळा तिच्या, खालची लांब कळ त्याची, आणि दुसऱ्याच्या कळेला बोट लावेल त्याला जेवणानंतरची भांडी.

यातून एक असा वीर तयार झाला की त्याचे पाय एकीकडून विचार करायचे आणि बंदूक दुसरीकडून. त्याला जिवंत ठेवायचं तर दोघांना सतत बोलावं लागायचं. "डावीकडे." "थांब गं." "मार आता, काय मुहूर्त बघतोयस?" राक्षसांनाही घरचीच नावं पडली. तीन डोळ्यांचा, न कळवता येणारा आणि सांगूनही न जाणारा, तो मामा. लांबूनच किंचाळत येणारी उडती, ती आत्या. "आत्याला मार, आत्याला मार" हे ऐकून वडील दोनदा धावत बाहेरच्या खोलीत आले होते. शेवटी त्यांची सख्खी बहीण.

मग दोघं मोठी झाली, गावं वेगळी झाली. ताई चष्म्याच्या दुकानात काचा घासून चौकटीत बसवायला लागली. फोनवर दोघांचं बोलणं "जेवलास का", "हो", "बरं" एवढ्यावर आटपायचं. पण नवा भाग निघाला की ताई चार दिवसांची रजा टाकून यायची, दोघं एका खुर्चीवर दाटीवाटीने बसायची आणि मग तोंडाचा पट्टा सुरू. आपलं लग्न मोडता मोडता राहिलं, हे ताईने त्याला सहाव्या भागात, "उजवीकडे मामा" आणि "गोळ्या संपल्या" यांच्या मधे सांगितलं होतं. त्यानेही गोळ्या भरता भरताच ते ऐकून घेतलं. समोरासमोर बसून तिने सांगितलं असतं तर दोघांनाही कुठे बघावं ते कळलं नसतं.

त्या सहाव्या भागाला पाच वर्षं झाली होती. परवा तिचा फोन आला.

"जेवलास का?"

"हो."

"बरं. सातव्यासाठी रजा टाकलीय. चार दिवस."

"बरं."

"मला तुझ्याशी एक बोलायचंय पण."

"काय?"

"आत्ता नाही. खेळताना सांगेन."

खुसपटने फोन ठेवला आणि परत उचलून रजा रद्द कर म्हणावं की काय, असा विचार केला. कारण सातव्या भागात काय आहे, हे त्याला ठाऊक होतं.

कंपनीने या खेपेला एक गोष्टवाला नेमला होता. सहा भाग तोंडातून अवाक्षर न काढलेल्या वीराला त्याने वाचा फोडली. आता वीर दारापाशी गेला की म्हणायचा, "दार." मग थोडं थांबून, "हे बंद असावं." त्याला बालपण दिलं होतं आणि ते त्याला नेमकं गोळीबारात आठवायचं. पण हे सगळं परवडलं. खरी मेख पुढेच होती. भुयारात खेळाडू वाट चुकतात, असं कुणीतरी पाहणी करून सिद्ध केलं होतं. भुयार असतंच त्यासाठी, हे पाहणीत आलं नव्हतं. म्हणून सातव्या भागात 'सहजचाल' आणली होती: वीर आपणहून चालायचा. खेळाडूने फक्त गोळी मारायची.

म्हणजे ताईला काही कामच उरलं नव्हतं.

खुसपटने दोन दिवस विचार केला आणि तक्ता भरला. काय केलं: खेळ सुरू केला. काय व्हायला हवं होतं: मजा. काय झालं: नाही. तीव्रता: खेळ थांबवणारी.

विभागप्रमुख मॅडमनी त्याला बोलावून घेतलं. बाई वाईट नव्हत्या. त्यांच्या टेबलावर रोज चारशे तक्रारी यायच्या आणि त्या चारशेही मन लावून वाचायच्या, असला दुर्धर स्वभाव.

"हे काय आहे रे?"

"दोष आहे, मॅडम."

"कुठे आहे?"

"सगळीकडे. पहिल्या भुयारापासून शेवटच्या नामावलीपर्यंत. नामावली तशी बरी आहे."

"मजा कुणाकडे येते? चित्रवाल्यांकडे की आवाजवाल्यांकडे?"

"सगळ्यांकडेच यायला पाहिजे."

"सगळ्यांकडे म्हणजे कुणाकडेच नाही. मी हे पाठवू कुठे?" त्यांनी कपाळ चोळलं. "बरं, नियमाप्रमाणे तिघांकडून पडताळून घेते. पुन्हा घडलं तर बघू."

तिघांनी दोन दिवस खेळून अहवाल दिला. कंटाळा आला हे खरं, पण तो त्यांना खेळाच्या आधीपासूनच होता, सबब खेळामुळे आला असं सिद्ध होत नाही. शेरा: पुन्हा घडलं नाही.

"यांना काय कळणार," खुसपट म्हणाला. "यांनी पहिला भाग बघितलेलाच नाही. मजा काय असते हे माहीत असलेला माणूस आणा, मॅडम, मग बघा."

"असा माणूस आहे का कुणी?"

"ताई आहे."

ताईने दुकानातून अर्धा दिवस मागून घेतला. आल्या आल्या तिच्याकडून आठ कागदांवर सह्या घेतल्या: बघितलेलं बाहेर सांगणार नाही, बाहेरचं आत सांगणार नाही, आपण खुशीने आलो आहोत. मग दोघांना एका खोलीत बसवलं. समोर पडदा, बाजूला मोठा आरसा, आणि अडचण म्हणजे दोन खुर्च्या. ताईने एक खुर्ची उचलून दाराबाहेर ठेवली आणि दुसरीचा पाऊण भाग अडवला.

"तो आरसा नाहीये," ती हळूच म्हणाली. "काच आहे. मागे एक बाई बसल्यात. डाव्या डोळ्याला नंबर आहे त्यांच्या, पण चष्मा लावत नाहीत."

मागे खरंच नोंदणीवाली बसली होती. तिच्या तक्त्यात चार रकाने होते: हसू, उसासा, जांभई, घड्याळाकडे पाहणे. प्रत्येक वेळी एक रेघ मारायची.

ताईने बाणांवर बोटं ठेवली. खेळ सुरू झाला आणि वीर चालू लागला.

"मी काही दाबलं नाहीये हं."

"तो आपणहून जातो आता."

"कुठे?"

"पुढे."

"आणि मी?"

खुसपट लांब कळ पुसत बसला. वीर मात्र बोलला. "भुयार," तो म्हणाला. "इथे अंधार असावा."

"काय हुशार आहे," ताई म्हणाली. "कुणाचा हा?"

तेवढ्यात समोरून मामा आला. तेच तीन डोळे, फक्त आता पापण्या नीट काढलेल्या. खुसपटने लांब कळ दाबली. गोळी सुटली नाही, कारण वीराला वडील आठवले. "माझे वडील सुतार होते," वीर म्हणाला. मामा शिष्टाचार म्हणून थांबून राहिला.

"मामा थांबलाय बघ," ताई म्हणाली. "इतकी वर्षं आपल्याकडे आला, दारात कधी थांबला नाही."

"त्याला चहा विचार."

"विचारू नकोस, हो म्हणेल." मग ती वीराकडे वळली. "हं, सुतार होते. पुढे?"

"ते खुर्च्या करायचे," वीर म्हणाला.

"मग एक इकडे पाठवा, आम्ही अडचणीत बसलोय."

तिथून जे सुरू झालं ते थांबेना. वीराने तोंड उघडलं की ताई त्याला उलट उत्तर द्यायची आणि खुसपट हसून हसून कळेवरच आडवा व्हायचा. त्यातच त्याच्या हातून दोनदा आत्या मेली, ती चुकून. चाळीस मिनिटं संपली तेव्हा दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय भिकार आहे रे हे," ताई डोळे पुसत म्हणाली. "तू दोन वर्षं हे बघतोयस?"

"रजा रद्द करतेस का?"

"छे. सुधारतील ना. तू सांगितलंयस."

"ते बोलायचं होतं, ते काय?"

"इथे?" तिने काचेकडे बघितलं. "त्या बाई लिहून घेतील. घरी सांगते, खेळताना."

दुसऱ्या दिवशी निकाल लागला. हसू: सत्तेचाळीस. उसासा: शून्य. जांभई: एक, तीही नोंदणीवालीची, चुकीने धरली गेली. शेरा होता: 'तक्रार बंद. मजा येते. हसण्याचे प्रमाण आजवरच्या सर्व भागांत सर्वाधिक.'

"मॅडम, आम्ही खेळायची मजा येत होती म्हणून नव्हतो हसत. तो खेळ बघून हसू येत होतं."

"कशामुळे हसले याचा रकाना नाही रे तक्त्यात." त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "आणि एक चांगली बातमी. वीर वडिलांबद्दल बोलतो तिथे सगळ्यात जास्त रेघा पडल्यात. वरून आदेश आलाय, तसं बोलणं आणखी दोन तास वाढवा म्हणून. गोष्टवाल्याने तुझ्या ताईंचे आभार मानलेत."

पाच आठवडे भरले, सातवा भाग आला, आणि पुढे काय झालं ते आपण ठरल्याप्रमाणे बोलणार नाही. ताई मात्र आली. चार दिवसांची रजा, एक पिशवी आणि उशीर नको म्हणून रस्त्यातच जेवून.

एका खुर्चीवर दोघं बसली. वीर चालू लागला. "माझे वडील सुतार होते," तो म्हणाला. ताई काहीतरी म्हणायला गेली, पण त्यावर जे काय म्हणायचं होतं ते तिने काचेच्या खोलीत म्हणून टाकलं होतं. खुसपटने हसून बघितलं. ते हसू त्याला स्वतःलाच पटलं नाही. हसण्याजोगं होतं ते तिथे हसून संपलं होतं.

पहिला दिवस असाच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी खुसपटने जुन्या डब्यातून पहिला भाग शोधून लावला. आपण हे आधीच का केलं नाही, असं दोघांनाही वाटलं. पण तो भाग दोघांना इतका पाठ होता की ताईची बोटं आणि त्याचा अंगठा आपापले धावत सुटले. कुठे डावीकडे म्हणावं लागलं नाही, कुठे थांब म्हणावं लागलं नाही. तासाभरात, एक शब्दही न बोलता, सगळे राक्षस मेले.

"झालं की," ताई म्हणाली.

"झालं," तो म्हणाला.

मग पुन्हा सातवा लावला. काय करणार, रजा टाकलेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचं सहज तिच्या हाताकडे लक्ष गेलं. वीर डावीकडे वळला की ताई डावा बाण दाबत होती. तो सरळ निघाला की वरचा. बाणांचा खेळाशी काहीएक संबंध नाही, हे तिला माहीत होतं. त्याला कळू नये म्हणून अगदी वेळेवर दाबत होती, आणि वीर फारच भराभर चालत असल्यामुळे त्यात तिचं सगळं लक्ष जात होतं.

"ताई, तू काहीतरी सांगणार होतीस."

"हो रे, सांगते," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "जरा हे वळण जाऊ दे."

वळण गेलं. पुढे दुसरं होतं, आणि सातव्या भागात वळणंच वळणं होती, कारण चालायचा त्रास कुणालाच नव्हता.

ती स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली तेवढ्यात खुसपटने कंपनीचा तक्ता उघडला. तक्रारीचा रकाना बंद झाला होता, पण त्याखाली 'बदलासाठी विनंती' असा एक रकाना असायचा. त्यात आलेलं कुठे जातं, हे विभागात कुणालाच माहीत नव्हतं. त्याने लिहिलं:

'महोदय, सातव्या भागात वीर स्वतः चालतो. ही सोय काढून घेऊन चालण्याचे काम पूर्ववत खेळाडूच्या मोठ्या बहिणीकडे देण्यात यावे. सदर बहीण जागेवर उपलब्ध असून कामाचा तिला अनुभव आहे. तिची रजा उद्या सायंकाळी सहा वाजेपर्यंत आहे व तिला काही सांगायचे राहिले आहे. तरी त्यापूर्वी संपूर्ण सातवा भाग नव्याने तयार करून मिळावा, ही नम्र विनंती.'