लॅपटॉपची पूजा

माझ्या बायकोला, मंदाकिनीला, जाऊन पाच महिने झाले होते. वर्षाच्या आत घरात सण करायचा नसतो, म्हणून त्या दसऱ्याला आमच्याकडे तोरण नव्हतं, गोडधोड नव्हतं. पण यंत्राची पूजा चुकवायला माझं मन धजेना. शहाडच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं फिटर होतो. दर दसऱ्याला लेथ पुसायचा, पाणी शिंपडायचं, हळदकुंकू वाहायचं. घरी मंदाकिनी तर मिक्सरलाही सोडत नसे.

टेबलावर माझ्या मुलीचा, नीलाचा लॅपटॉप होता. माजिवड्याच्या एका कंपनीत तिला नोकरी लागून तीनच महिने झाले होते. लॅपटॉप कंपनीचा. दुसऱ्या दिवशी मोठ्या गिऱ्हाइकाला त्यावरचं काम दाखवायचं होतं, आणि त्यावर ती नोकरीत कायम होणार की नाही ते ठरणार होतं. लॅपटॉप चार्जिंगला लावून ती कल्याणला मावशीकडे गेली होती. चारपर्यंत येणार होती.

मी झाकण उघडलं, फुलानं पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं. कुंकू बटणांच्या फटीत गेलं. डाग पडेल म्हणून ओल्या फडक्यानं पुसलं. फडकं नीट पिळलेलं नव्हतं. मग चालतोय ना, बघावं म्हणून सुरू करायचं बटण दाबलं. काहीच झालं नाही. परत दाबलं. वायर काढली, दुसऱ्या सॉकेटमध्ये लावली, परत परत दाबलं. दिवा नाही, आवाज नाही.

पिशवीत घालून मी रामनगरला गोपीनाथकडे गेलो. तो टीव्ही दुरुस्त करतो. दुकान पूजेपुरतं उघडलेलं होतं.

"काका, हा टीव्ही नाय, दोन थपडा मारल्या की लागायला," तो म्हणाला. पण मीटर काढलाच. वायरच्या टोकाला वीज येत होती. मग त्यानं बॅटरी बाहेर काढली. खाच ओली होती आणि लाल.

"हे काय? लॅपटॉपचं लग्न लावलेलं की काय?"

मी सगळं सांगितलं.

"अहो, मीपण आत्ताच मीटरची पूजा केली. पण पाणी नाय मारलं. बटण किती वेळा दाबलं?"

"दहा-बारा वेळा असेल."

त्याचं हसू गेलं. "आता हात लावू नका. वायर लावू नका. ओलं असताना परत करंट दिला तर जे वाचलंय तेपण जळेल. मी खोलणार नाय, कंपनीचं सील आहे. ज्यांचा आहे त्यांनाच देऊन टाका. कोरडा करून खोलतील. आतलं काम कदाचित वाचेल."

"नीलाला काय सांगू?"

"झालं ते सांगा. नाय तर पोरगी उद्या बटण दाबेल."

घरी आलो तेव्हा साडेतीन झाले होते. कुंकवाचा मागमूस राहू नये म्हणून मी लॅपटॉप कोरड्या कापडानं पुसला, तिच्या बॅगेत ठेवला, चेन लावली. उद्या तिनं बटण दाबलं आणि बंद पडलेला निघाला, तर माझं नाव कशाला येईल? असा विचार मी केला. हे सांगताना खोटं का बोलू?

हे मी पहिल्यांदा करत नव्हतो. मंदाकिनीच्या छातीत दुखू लागलं तेव्हा नीला पुण्याला होती. मी फोनवर म्हणालो, "काही नाही, पित्त आहे." दुसऱ्या फोनलाही तेच म्हणालो. तेव्हा मंदाकिनी गेलेली होती. नीला आली तेव्हा दाराशी चपलांचा ढीग होता. त्यानंतर ती मला कुठलीही गोष्ट दोनदा विचारते.

ती चारला आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, काय झालं?"

"काही नाही."

चप्पल काढता काढता थांबली. "नक्की?"

ती आत गेली. बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला आणि मी धावलो. लॅपटॉप टेबलावर होता, वायर तिच्या हातात होती.

"लावू नकोस!" मी ओरडलो. इतक्या जोरात मी तिच्यावर कधी ओरडलो नव्हतो. मग पाणी, फडकं, गोपीनाथ, सगळं सांगितलं. पुसून बॅगेत ठेवला, तेही सांगितलं.

तिनं वायर गुंडाळून ठेवली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन साहेबांना फोन लावला.

"सर, लॅपटॉप बंद पडलाय. आत पाणी गेलंय... नाही, मी नव्हते. वडिलांकडून झालं... हो, सगळं त्यातच आहे. फ्लॉपीवर अर्धंच घेतलंय."

पलीकडून बराच वेळ आवाज येत होता. ती फक्त "हो सर" म्हणत होती. मी भिंतीला टेकून उभा होतो.

तिनं रिसीव्हर ठेवला. "सकाळी आठला ऑफिसात इंजिनिअर येतोय. गिऱ्हाइकाला दुपारची वेळ मागणार आहेत. देतील की नाही, माहीत नाही."

"आणि तुझी नोकरी?"

"ते उद्या कळेल. तुम्ही बरोबर चला. पाणी किती गेलं, बटण किती वेळा दाबलं, ते इंजिनिअरला तुम्हीच सांगा."

"साहेब मला बोलतील?"

"बोलतील, बाबा."

मी कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावला.