शिडीगाडी क्रमांक चार

बंबखाना क्रमांक तेवीसला सव्वाशे वर्षं होणार होती. त्यानिमित्त निघणाऱ्या पुस्तिकेतलं एक वाक्य काढायला लावायला इरेना व्रोबेल तिथे आली होती. वाक्य जुनं होतं. शंभरीच्या पुस्तिकेतही ते शिडीगाडी क्रमांक चारच्या फोटोखाली छापलेलं होतं: 'जानेवारी १९८३ मध्ये चालकाच्या निष्काळजीपणामुळे शिडी कोसळून दोन जवान मृत्युमुखी पडले.' चालकाचं नाव दिलेलं नव्हतं. त्या वस्तीत ते द्यायची गरजही नव्हती. कॅझिमिर व्रोबेल, सगळ्यांचा कॅस, इरेनाचे वडील, ऑक्टोबरात वारले होते.

पुस्तिकेचं काम निवृत्त कप्तान टेरेन्स मॅकनिफकडे होतं. पूर्वी बंबाच्या घोड्यांचं गवत ठेवत त्या माळ्यावर तो खोकी मांडून बसला होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. इरेनाच्या वडिलांचा वरिष्ठ आणि जन्मभराचा मित्र.

"ये पोरी. घोड्यांपासून सुरुवात करायची की थेट भांडायला बसायचं?"

"आधी घोडे," ती म्हणाली.

तो फोटो पुढे सरकवत गेला. तीन घोड्यांचा वाफेचा पंप. पहिला मोटारीचा बंब. तो थंडीत सुरूच होईना म्हणून घोडे आणखी दोन हिवाळे ठेवावे लागले. बावन्न सालचा उघड्या टपाचा बंब, त्यात मांडीवर बर्फ घेऊन बसलेले पाच जण.

रोसाल्बा नावाची जवान जिन्यातून डोकावली. "कप्तान, मोटारीपर्यंत आलात, का अजून शेणच उपसताय?"

"तू पाइप वाळत घाल."

"कधीच घातले. तुमच्या काळी सांगावं लागायचं वाटतं," असं म्हणत ती खाली गेली.

पुढचा फोटो शिडीगाडी चारचा होता. शंभर फुटांची शिडी, लाल रंग, आणि पायरीवर एक पाय ठेवून उभे तरणेबांड बाबा.

"त्याखालचं वाक्य काढा, टेरीकाका. बाबा त्या गाडीला जिवापाड जपायचे. सुट्टीच्या दिवशीसुद्धा येऊन पुसायचे तिला."

"काढतो."

तिने आठवडाभर मनात रचलेलं सगळं बोलणं जागच्या जागी राहिलं. "एवढ्या सहज?"

"कॅस गेला. आता कशाला ते?"

"म्हणजे ते खरं आहे, असं म्हणताय तुम्ही."

टेरीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्याने कोटाच्या आतल्या खिशातून एक जाड, पिवळं पडलेलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

गाडीच्या रोजच्या तपासणीचं ते कार्ड होतं, त्याच आठवड्याचं. सोमवार ते रविवार सात ओळी. तेल, पाणी, ब्रेक, जॅक. शेवटी चालकाची सही. गाडीला चार पाय होते, त्यांना ते जॅक म्हणत. ते टेकवल्याशिवाय शिडी उभी राहत नसे. अपघाताच्या दिवशी उजवीकडच्या मागच्या जॅकचा जोड तडकला होता. रंगाच्या गोदामाला आग लागली ती गुरुवारी दुपारी. कार्डावर सातही ओळी भरलेल्या होत्या.

वडिलांची सही इरेना तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावरून ओळखत होती. शुक्रवारी गाडी रस्त्यात आडवी पडली होती, तेव्हा कार्डावर जॅक ठीक होते. रविवारी ते दोन जवान, लिसोव्स्की आणि हॅन्लन, शवपेट्यांत होते, तेव्हाही जॅक ठीकच होते.

"सोमवारीच आठवड्याच्या सह्या उरकायचो," टेरी म्हणाला. "सगळेच. जानेवारीत जॅक टेकवले की रस्त्याला गोठून चिकटायचे. मग गरम पाणी ओतत बसा. तेवढ्यात आग लागली तर? असं म्हणायचो."

त्या दिवसानंतर बाबा स्वतःची मोटार काढण्याआधी रोज चारही चाकांशी वाकून बघत. आई हसायची. इरेनाला मात्र वाटायचं, दुसऱ्या कुणाच्या तरी गुन्ह्याची शिक्षा ते भोगताहेत.

तिने कार्ड उजेडाकडे धरलं. चालकाच्या सहीशेजारी कप्तानासाठी बारीक रकाना होता. त्यात 'टी. एम.' अशी अक्षरं होती. सात वेळा.

"हे तुम्ही."

"मी."

"चौकशीत सांगितलंत?"

"त्यांनी कॅसला विचारलं, त्या सकाळी जॅक टेकवून पाहिलेस का. तो म्हणाला, नाही. मग पुढे कोणी काही विचारलंच नाही. कार्ड माझ्या खिशात होतं."

"बाबांना ठाऊक होतं?"

"त्याची सही झाल्यावरच माझी व्हायची. ठाऊक नसेल कसं? तरी दर नाताळला यायचा. तुमच्यात नाताळला घरच्यांत वाटून खातात तो पापडासारखा वेफर मोडून अर्धा माझ्या हातावर ठेवायचा. मी खायचो."

"जाळून का नाही टाकलंत?"

"मागच्या बाजूला त्या दिवसाची हजेरी आहे. त्या दोघांची नावं आहेत तिथे. नाही जाळवलं."

खाली कोणीतरी बंबाचं इंजिन सुरू केलं, थोडा वेळ चालू ठेवून बंद केलं. टेरीने पेन्सिल उचलली. "वाक्य काढतो मग."

"नको. असू दे. 'चालकाच्या' पुढे 'आणि कप्तानाच्या' लिहा."

"माझी नातवंडं वाचतील गं."

"मी बारा वर्षांची असताना वाचलं होतं. पेपरात."

पेन्सिल बराच वेळ कागदावर टेकलेली राहिली. मग त्याने ते शब्द लिहिले. अक्षर वाकडं आलं, तरी वाचता येत होतं.

"नावं?"

"दोघांची."

त्याने आधी तिच्या वडिलांचं नाव लिहिलं आणि मग उरलेल्या जागेत स्वतःचं दाटीवाटीने बसवलं. इरेनाने कार्ड छापखान्याला जायच्या पाकिटात घातलं, पण पाकीट चिकटवलं नाही.

"हे छापून यायच्या आधी लिसोव्स्कींच्या बायकोला कळायला हवं," ती म्हणाली. "तुम्ही सांगणार, का मी?"

"चार घरं सोडून तर राहते. रोज भेटते चर्चात."

"म्हणूनच विचारते."

टेरी टेबलाला हात टेकून उठला. उभं राहायला त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला. तिने हात पुढे केला नाही.

"माझी टोपी दे," तो म्हणाला. "आणि तू घरी जा. तिच्याकडे माझं मला जाऊ दे."