झोके खाणारं विमान

सत्यभामाबाई लेकीकडे, सायलीकडे, बंगळूरला एकदाच विमानानं गेल्या होत्या. जागा शेवटच्या रांगेत मिळाली आणि वाटेत जोराचा वारा लागला. विमान शेपूट हलवत डावी-उजवीकडं कलत राहिलं. येताना त्या रेल्वेनं आल्या. नंतर सायलीनं कितीदा बोलावलं, तरी उत्तर एकच, "मला न्हाई जमायचं."

सायली विमानाच्या कंपनीत इंजिनिअर होती. दिवाळीला ती धारूरला आईकडं आली, तेव्हा थर्माकोलचं एक छोटं विमान तिनं घरीच तयार केलं आणि सकाळी आईला किल्ल्याजवळच्या उतारावर नेलं.

मागं वळवलेल्या पंखांचं ते विमान हातातून सुटलं, थोडं नीट गेलं, मग नाक इकडं, अंग तिकडं, झोके खात बाभळीत अडकलं.

"आस्संच झालतं," सत्यभामाबाई म्हणाल्या. "कावून होतंय हे?"

सायलीनं आईचे दोन्ही हात पसरून थोडे मागं वळवले. "आता डावीकडं वळ. उजवा हात म्होरं आला का? तो वाऱ्याला जास्त आडवा लागतो, म्हणून वर उचलला जातो. पण वारा अडवतोय बी त्यालाच, म्हणून तो परत मागं ओढला जातो. मग डावा म्होरं. आसं चालूच राहतं."

"मग पंख सरळच करावेत की."

"सरळ पंखांनी एवढा वेग घेता येत न्हाई. म्हणून पंख तसेच ठेवायचे आन् शेपटीचा उभा पंख मोठा करायचा."

बाभळीतून विमान काढून तिनं शेपटीला सोबत आणलेला मोठा उभा पंख लावला. या वेळी विमान सरळ गेलं आणि खालच्या ज्वारीत उतरलं.

"खऱ्या विमानात शिवाय एक यंत्र आसतं," सायली म्हणाली. "डुलणं सुरू झालं की शेपटीची फळी हलवून ते थांबवतं. त्याच्यावरच काम करते मी."

सत्यभामाबाई गर्रकन तिच्याकडं वळल्या. "तुजं काम हे हाय? मग आधी सांगायचं न्हाई का, बाई? काढ तिकीट."

पुण्याहून निघालेलं विमान ढगात शिरताच हललं. शेजारच्या बाईनं डोळे मिटून घेतले. सत्यभामाबाईंनी तिचा हात धरला.

"भिऊ नका, ताई. डुलणं थांबवायचं यंत्र माझी लेक बनवती."

"आई, आमी लई जण आहोत त्या कामात," सायली पुटपुटली.

"गप बस तू," म्हणत त्यांनी पिशवीतला रव्याचा लाडू त्या बाईच्या हातावर ठेवला.