जमनाबाईंचा उगवलेला दात

एकसष्ट सालच्या उन्हाळ्यात तापीकाठच्या एका गावात जमनाबाईंना साठाव्या वर्षी दात उगवला, आणि मारुतीच्या पारावर ही झुंबड उडाली! गावातली झाडून सारी बोळकी तोंडं तिथं जमली. मधोमध जमनाबाई आ वासून बसलेल्या. खालच्या हिरडीतून ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी डोकावत होतं आणि लोक त्याला चक्क हात जोडत होते.

"बच्चा, सरकी पेरली की कपाशी येते ना?" आठवड्यापूर्वी गावात उतरलेले अस्थिबाबा गरजले. "तसं आम्ही जबड्यात हाड पेरतो! तोरणमाळच्या ऋषींच्या अस्थींचं चूर्ण! आठ दिवस हिच्या हिरडीवर चोळलं, अंकुर फुटला. आता हिच्या मालकाची हिरडी चिरून पेरणी करू. बत्तीसच्या बत्तीस उगवतील!"

चिरायला वस्तरा हवा, म्हणून दोधू न्हाव्याला बोलावणं गेलं होतं. जमनाबाईंचा नवरा चुनीलाल त्याचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि त्याला मधुमेह. गेल्या साली पायात काटा मोडला, ती जखम भरायला पाच महिने लागले होते. हिरडी चिरल्यावर काय होईल?

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. हा दात कसला, हे जगात फक्त दोधूला ठाऊक होतं. बारा वर्षांपूर्वी जमनाबाईंची ती दाढ त्यानंच काढली होती. वरचा अर्धा भाग पकडीत आला, खालचा आतच राहिला. "अख्खी निघाली, वहिनी!" असं ठोकून देऊन त्यानं तो तुकडा धोकटीच्या तळाशी दडवला, तो अजून तिथंच होता. दोधूची पकड मूळ सोडत नाही, हाच तर त्याचा पंचक्रोशीतला लौकिक!

म्हणून सकाळीच तो सरकारी दवाखान्यातल्या नवलसिंग डॉक्टरांना घेऊन आला होता. आपली लबाडी न सांगता परस्पर भागलं तर बरं, असा त्याचा हिशेब.

डॉक्टरांनी हिरडी पाहिली. "हे जुनं मूळ आहे. दात गेला की जबड्याचं हाड झिजत जातं. तापीचं पाणी उतरलं की खडक उघडा पडतो. म्हणून काय खडक वाढला म्हणायचं? वरची पातळ हिरडी यांच्या पुडीनं घासली गेली, एवढंच."

"झूठ!" बाबा कडाडले. "ती दाढ मुळासकट निघाली होती. हिलाच विचारा!"

जमनाबाईंनी मान डोलावली. झालं! लोक डॉक्टरांवरच उखडले.

"दे रे वस्तरा," चुनीलाल म्हणाला. "माले जवारीनी भाकर चावानी शे." आणि त्यानं तोंड उघडलं.

दोधूनं वस्तरा मिटला. "चुनीभाऊ, तोंड मिट. दाढ अर्धीच निंघनी व्हती. मूळ मझारच ऱ्हायनं. मी खोटं बोलनू."

दोधूनं धोकटीतला तुकडा काढला. डॉक्टरांनी चिमट्यानं ते हलणारं मूळ उपटलं, जमनाबाई "वं माय!" म्हणून ओरडल्या, आणि दोन्ही तुकडे एकमेकांत तंतोतंत बसले.

"मेल्या! बारा वरीस मन्हा जबडा ठणकस, अन् तू म्हने वय झाय!" जमनाबाईंनी दोधूच्या पाठीत धपाटा घातला, तसा सारा पार खो खो हसायला लागला.

"हाड लावायचं शास्त्र खरं आहे," डॉक्टर म्हणाले. "मोठ्या दवाखान्यांत माणसाच्याच अंगातलं हाड काढून दुसरीकडे लावतात. पण त्यातून दात उगवत नाहीत. बरं बाबा, या पुडीत काय आहे?"

बाबांना एकदम तोरणमाळची ओढ लागली. दुपारच्या एसटीनं स्वारी पसार!

आपला धंदा बुडाला, असं दोधूला वाटलं होतं. पण पुढच्याच बाजारी तिघं दाढा काढायला आले. फरक एवढाच, की प्रत्येक जण आधी बजावायचा, "मूळ दखाड!" दोधू दाढ उन्हात धरून दाखवायचा. एकदा मोडली, तर तसं सांगून त्यानं माणसाला सरळ दवाखान्यात धाडलं.

मंडळी, यात कसली विद्या लागते? चमत्कार दिसला की विचारा, इथं आधी काय होतं? आणि उत्तर तुम्हांलाच ठाऊक असेल तर लाज गिळून बोला. चुनीलालचा जबडा शाबूत राहिला, तो दोधू वेळेवर बोलला म्हणून.